मेणबत्तीबाईंचं व्याख्यान

नाट्यविभागातली मुलं त्यांना मेणबत्तीबाई म्हणायची. आपण हे नाव पाठीमागे कुजबुजतो, बाईंच्या कानावर ते कधी जातच नाही, असा दर वर्षीच्या नव्या मुलांचा समज असायचा. बाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. विभागातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांना मुलं 'जांभई' म्हणत. त्या मानाने मेणबत्ती पुष्कळच बरी.

बाई शिकवायच्या फ्रेंच नाटकाचा इतिहास. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि त्यांनी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस म्हणायचा, "वा! म्हणजे नाटकात काम करता." बाई "नाही हो" म्हणायच्या. "म्हणजे फ्रेंच शिकवता." "तसंही नाही." एवढ्यावर तो माणूस वाढलेलं ताट घेऊन दुसरीकडे सरकायचा.

नाटक त्यांच्या घरात आलं ते दारावरून. त्यांचे वडील एका नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडायचे. आई कापडाच्या दुकानात कामाला, ती उशिरा परतायची. म्हणून शाळा सुटली की मुलगी थेट नाट्यगृहावर येऊन वडिलांच्या स्टुलावर अभ्यास करत बसायची. मध्यंतर होईपर्यंत वडील कडक असत, स्वतःच्या मुलीलाही आत सोडत नसत. मध्यंतरानंतर मात्र दारावर कुणी येत नाही, मॅनेजरही घरी निघून जातो. मग ते तिला हळूच शेवटच्या रांगेत बसवायचे. त्यामुळे लहानपणी तिने पुष्कळ नाटकं पाहिली, पण सगळी अर्धी. कुणीतरी रडत असायचं, ते का रडतंय ते ठाऊक नसायचं. कुणीतरी माफी मागायचं, अपराध आधीच होऊन गेलेला असायचा.

"बाबा, पहिल्या भागात काय झालं?" घरी जाताना ती विचारायची.

"मला काय ठाऊक? मी दाराकडे तोंड करून उभा असतो."

मग पहिला भाग ती स्वतःच रचायची. पायऱ्या उतरताना सुरू केलेली जुळवाजुळव घराच्या कुलपापाशी संपायची. पुढे मोठेपणी त्यातली काही नाटकं तिने पूर्ण पाहिली, तेव्हा एक-दोनदा तिला प्रामाणिकपणे वाटलं, की आपला पहिला भाग जास्त बरा होता. समोर जे उरलंय त्यावरून आधी काय घडलं असेल ते शोधायची सवय तिला त्या स्टुलावरच लागली.

कॉलेजात गेल्यावर तिला वाटलं, आपणही रंगमंचावर जावं. तिला मोलकरणीची भूमिका मिळाली. हातात ट्रे घेऊन यायचं आणि तीन वाक्यं बोलायची. प्रयोगाच्या दिवशी ती ट्रे घेऊन आली, आणि समोर नायकाचं स्वगत इतकं रंगलं होतं, की ती ते ऐकतच राहिली. नायकाने तिच्यासाठीचं वाक्य एकदा टाकलं, दुसऱ्यांदा टाकलं, तिसऱ्यांदा दात ओठ खाऊन टाकलं. ही आपली कौतुकाने त्याच्याकडे बघत उभी. शेवटी त्याने तिच्या हातातून ट्रे ओढून घेतला आणि प्रेक्षकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. प्रयोगानंतर दिग्दर्शकाने तिला जवळ बोलावलं. तो रागावला नव्हता. "तुझ्यासारखं माणूस मला रोज हवं," तो म्हणाला, "पण खाली. खुर्चीत."

तिला वाईट वाटलं, पण फार नाही. त्याच वर्षी तिला सर भेटले होते.

सर तेव्हाच म्हातारे होते. फ्रेंच नाटकाचा इतिहास हा त्यांचा विषय, आणि तो कुणी घेत नसे. त्यांचे फ्रेंच उच्चार ऐकून एखाद्या फ्रेंच माणसाने कानांवर हात ठेवले असते, पण वाचन असं, की तीनशे वर्षांपूर्वीच्या नटांविषयी ते शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं बोलत. कोण कुणावर रुसला होता, कुणाच्या पोशाखावरून कुणाचा जळफळाट झाला. वर्गात सुरुवातीला पाच-सहा मुलं होती. पहिली चाचणी झाली आणि दोन उरली. दुसरीनंतर ही एकटी. सरांनी त्याची दखलही घेतली नाही. ते पूर्वीसारखेच उभे राहून, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचेल असं शिकवत राहिले. एकदा ती तापाने आजारी पडून आठवडाभर आली नाही. परत आली तेव्हा शिपायाने सांगितलं, "तुमचे सर रोज येऊन बसायचे हो. तास संपला की जायचे."

त्यानंतर तो विषय सोडण्याचा विचार तिने कधी केला नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. नाटकात त्याला गती नव्हती, पण बायकोला होती याचा त्याला अभिमान होता, आणि गिऱ्हाइकांना तो तिच्याविषयी इतकं सांगायचा की तिला दुकानात जायला संकोच वाटे. मुलगा अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा तिला फ्रान्सला एक हिवाळा राहून अभ्यास करायची संधी आली. घरात विषय काढायचं तिच्या जिवावर आलं होतं. तो निघाला तो सासूबाईंच्या तोंडून.

"जाणार ना तू?" त्या म्हणाल्या. "पोर माझ्यापाशी राहील. पण तिथे जाऊन करणार काय?"

"जुनी नाटकं वाचणार."

"ती इथे नाहीत?"

"आहेत. पण तिथे जास्त आहेत."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग जा बाई. अर्धवट वाचून काय उपयोग?"

तिथे तिने एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली. खाली दिवसभर कपडे वाळवायची यंत्रं चालत, त्यामुळे जमीन गरम आणि भिंती गार. ती अंथरूण जमिनीवर घालून पुस्तकं वाचायची. मुलाची आठवण आली की उठून खिडकीशी जायची, तिथे थंडीने दात वाजायला लागले की परत यायची. आणि एका दुपारी, एका लहानशा नाट्यगृहात, तिने एक जुनं नाटक जुन्या पद्धतीने, मेणबत्त्यांच्या उजेडात केलेलं पाहिलं.

पहिला अंक संपला. पडदा पडला नाही. त्याऐवजी दोन माणसं हातात लांब दांड्याच्या कात्र्या घेऊन आली, झुंबर दोरीने खाली घेतलं, आणि एकेका वातीची काजळी कातरू लागली. मंद झालेला उजेड पुन्हा स्वच्छ झाला, झुंबर वर गेलं, दुसरा अंक सुरू झाला. ती आपल्या जागेवर उठून उभी राहिली होती. मागच्या बाईने तिला दोनदा खाली बसायला सांगितलं ते तिला ऐकूच आलं नाही. अंक एवढ्याच लांबीचे का, नाटककार बरोबर इथेच का थांबतात, या प्रश्नाचं उत्तर तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं. मेणबत्ती जितका वेळ नीट जळते, तितका अंक!

असं काहीसं तिच्या आधीही कुणीकुणी बोलून गेलं होतं, पण येताजाता, गंमत म्हणून. तिने त्याचं पुस्तक केलं. नाटकांमागून नाटकं घेतली, अंकांच्या ओळी मोजल्या, बोलायला किती वेळ लागेल त्याचे अंदाज बांधले, आणि मेणबत्ती लेखकाला कशी घडवते हे इतक्या रसाळपणे लिहिलं, की नाटकाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनीही ते वाचलं. बाईंचं नाव झालं. फ्रेंच नाटक म्हटलं की ज्यांना आधी काहीच आठवत नसे, त्यांना आता मेणबत्त्या आठवू लागल्या.

आणि मग ते व्याख्यान. दर वर्षी हिवाळ्यात एका दुपारी विभागाच्या हॉलला काळे पडदे लागायचे. मुलं जुन्या नाटकाचा एक अंक वाचायची, बाई हातात कात्री घेऊन मधोमध उभ्या. वाचन संपत आलं, की ज्योती मिणमिणायला लागायच्या, शेवटच्या ओळीला हॉलमध्ये जवळजवळ अंधार, आणि बाई वात कातरून म्हणायच्या, "हा तुमचा पहिला अंक." अंगावर काटा यायचा. पास होऊन गेलेली मुलं नवऱ्याला, बायकोला, पोराबाळांना घेऊन यायची. कुणाला माहीत होतं, कुणाला नव्हतं, पण विभागाचा शिपाई त्या मेणबत्त्या आदल्या दिवशी अंकापुरत्या उरतील अशा बेताने कापून ठेवायचा. दुकानातली मेणबत्ती काही जुन्या काळातली नव्हे, तेव्हा नमुना म्हणून एवढं करायला हरकत नाही, असं बाईंनी पहिल्या वर्षी स्वतःला सांगितलं होतं. पुढच्या वर्षांत ते सांगायचीही गरज पडली नाही.

अशा एका व्याख्यानानंतर मागच्या रांगेतून एका उंच मुलीने हात वर केला.

"बाई, एक शंका आहे. मेणबत्ती किती मोठी असायची?"

"अंकाएवढी," बाई म्हणाल्या. मुलं हसली.

"आणि अंक केवढा असायचा?"

"मेणबत्तीएवढा." मुलं आणखी हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने मान हलवली आणि खाली बसली. बाई घरी आल्या, जेवल्या, भांडी आवरली, आणि हातात ओली वाटी धरून ओट्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्या मुलीचं नाव पुढे 'शंका'च पडलं. ती हुशार होती, कष्टाळू होती, आणि तिला मनात एक ठेवून दुसरं बोलता येत नव्हतं. एम.ए. झाल्यावर ती पीएच.डी.साठी बाईंकडे आली. बाईंनी तिला विषय सुचवला तो रंगमंचावरच्या उजेडाचा. आपल्या पुस्तकात जे अंदाजाने लिहिलंय ते ही मुलगी प्रयोग करून दाखवेल, असा त्यात थोडा लोभही होता. बाईंची निवृत्ती जवळ आली होती. जाताजाता पुस्तकावर कळस चढावा असं कुणाला वाटत नाही?

शंकाने जुन्या कृती शोधल्या, कापसाच्या वाती वळल्या, खाटकाकडून चरबी आणली आणि ती विभागाच्या मागच्या खोलीत वितळवायला ठेवली. त्या वासाचं वर्णन करायला पुढे विभागात निरनिराळे शब्द वापरले गेले, त्यातले बरेचसे छापण्यासारखे नाहीत. प्रा. जांभई नाकाला रुमाल लावून आले आणि त्या दिवशी ते विभागात पहिल्यांदाच पूर्ण जागे दिसले. धुराने आगीची घंटा वाजली, सगळी इमारत मैदानात येऊन उभी राहिली. बाई एखाद्या शाळकरी मुलीसारख्या खुशीत होत्या. पुष्कळ वर्षांत विभागात काहीतरी घडत होतं.

मग मेणबत्त्या तयार झाल्या, हॉलमध्ये टांगल्या गेल्या, मुलांनी अंक वाचायला घेतला, आणि पहिला प्रवेशही संपला नव्हता तोच वाती काजळून धूर ओकू लागल्या. कातरल्या, तर पुन्हा थोड्या वेळात तेच. न कातरता सोडल्या, तर धुरकट, मिणमिणत्या का होईना, पण अंक संपून दुसरा संपत आला तरी जळतच राहिल्या. जाड केल्या तर एक हिशेब, बारीक केल्या तर दुसरा. अंकाशी त्यांचा कुठेच मेळ बसेना.

"वाती ओल्या असतील," बाई म्हणाल्या.

वाती वाळवल्या. "खिडकीतून वारा येतोय." खिडक्या बंद केल्या. "चरबी नीट गाळली नाही." ती दोनदा गाळली. "मुलं फार भराभर वाचतायत." मुलं इतकी सावकाश वाचायला लागली, की प्रेमाचा प्रवेश शोकसभेसारखा वाटायला लागला. आठवड्यांमागून आठवडे गेले. शेवटी एके दुपारी, मुलं निघून गेल्यावर, बाई आणि शंका दोघीच हॉलमध्ये उरल्या. वर टांगलेल्या मेणबत्त्यांतली एक अजून शांतपणे जळत होती.

"बाई..." शंका म्हणाली.

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून चालू लागल्या.

त्यानंतरचे दिवस काही बाईंनी अभिमानाने सांगावेत असे नव्हते. त्यांनी दोन तास रद्द केले. शंका दारात आली की फोनवर बोलत असल्यासारखं करत. कपाटातून आपलं पुस्तक काढून त्या वाचायला बसल्या आणि प्रत्येक पानावर त्यांना आपलीच चलाखी दिसायला लागली. जिथे पुरावा नव्हता तिथे वाक्य कसं सुंदर झालं होतं! जो अंक मोजमापात बसला नाही, तो 'अपवाद' म्हणून कसा बाजूला सारला होता. आणि कापलेल्या मेणबत्त्या. त्यांच्याविषयी तर त्यांना शिपायाच्या नजरेला नजर देणं कठीण झालं, आणि त्या बिचाऱ्याला काय झालं तेच कळेना.

अशात शंकाच्या प्रबंधातलं मेणबत्त्यांचं प्रकरण टेबलावर आलं. ते त्यांनी घरी नेलं आणि वाचून ठेवून दिलं. सगळे प्रयोग त्यात होते, पण निष्कर्षाच्या जागी नुसतं धुकं. 'काही अंशी', 'बहुधा', 'असे म्हणण्यास वाव आहे', 'यावर अधिक संशोधन व्हावे'. दोन वेळा वाचूनही मेणबत्तीचा आणि अंकाचा संबंध आहे की नाही, ते कुणाला कळलं नसतं.

नवरा समोर बसून एका चष्म्याची काडी बसवत होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं. त्याने बायकोचीच बाजू घेतली. इतक्या वर्षांत दुसरी कधी घेतली नव्हती.

"एवढं काय त्यात? गाइड तूच आहेस ना? ते प्रकरण गाळायला सांग. तिलाही पदवी मिळेल, तुझंही नाव राहील. कोण बघायला येतंय?"

त्याने अगदी प्रेमाने सांगितलं होतं. पण गेले काही दिवस बाईंच्या स्वतःच्या मनात जे घोळत होतं, शब्दही जवळजवळ हेच, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसंतरीच वाटलं. मनात असताना ते 'विवेक', 'तारतम्य' अशी चांगली नावं घेऊन फिरत होतं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तसं नाही करता येणार."

"मग नको करूस," तो लगेच म्हणाला, आणि पुन्हा काडीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंकाला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मुलीच्या चेहऱ्यावरून ती नीट झोपलेली दिसत नव्हती.

"हे 'बहुधा' कुणासाठी लिहिलंयस?" बाईंनी पानावर बोट ठेवून विचारलं.

शंका पानाची कड सरळ करत राहिली.

"तुला शंका येते तेव्हा तू राजासमोरही विचारशील. इथे काय झालं? परीक्षकांसाठी लिहिलंस?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "बाई, तुमचं पुस्तक मी शाळेत असताना वाचलं. मामाकडे होतं. घरच्यांना मी इंजिनीअर व्हायला हवी होते. त्या पुस्तकावरून मी दोन वर्षं भांडले आणि इथे आले. आता मीच... मला नाही लिहिता येत, बाई. तुम्ही सांगा, मी ते सगळं काढून टाकते."

खिडकीबाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. सर आठवले, रिकाम्या बाकांसमोर येऊन बसणारे. सरांना कुणी चुकीचं ठरवलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? ठाऊक नाही. त्यांना चुकीचं ठरवण्याइतका वेळ त्यांच्या विषयाला कुणी दिलाच नव्हता.

"हे बघ," त्या शेवटी म्हणाल्या, "मला राग आलाय. खोटं कशाला बोलू? तुझा आला, माझा आला, त्या मेल्या वातींचा आला. तो काही उद्या जाणार नाही. पण तू चरबीत हात घालून जे शोधलंस ते धुक्यात बुडवलंस, तर तुझं काम फुकट आणि माझं आधीच गेलेलं. दोघींचंही नुकसान. आत्ता बस इथे. निष्कर्ष पुन्हा लिही. माझ्यासमोर लिही."

"काय लिहू?"

"जे झालं ते. संबंध आढळला नाही."

शंकाने लिहिलं. बाईंनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला, आणि चहा मागवला.

तोंडी परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले ते बाईंचे जुने स्नेही होते. त्यांनी आयुष्यभर बाईंचं पुस्तक वर्गात शिकवलं होतं. ते घुश्श्यातच आले होते. शंकाला त्यांनी अर्धा तास असं काही धारेवर धरलं, की हॉलमधली मुलं खुर्च्यांच्या कडेला सरकली. शेवटी ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या अभ्यासाला तुम्ही चार मेणबत्त्या पेटवून उडवून लावता? तुमच्या गाइडला हे मान्य आहे?"

शंका बाईंकडे बघेना. बाई उठून उभ्या राहिल्या.

"मान्य आहे. आणि चार नाही, शेकड्यांनी पेटवल्या. मी स्वतः मोजायला होते, वास अजून साडीला आहे. मुलीचं बरोबर आहे, माझं चुकलं."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी इतकी वर्षं वर्गात काय शिकवलं?" त्यांनी विचारलं. त्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"माझं पुस्तक," बाई म्हणाल्या. "आता तिचं शिकवा."

शंकाला पदवी मिळाली.

तो हिवाळा बाईंचा नोकरीतला शेवटचा होता. व्याख्यान होणार की नाही, याची विभागात कुजबुज होती. बाईंनी ते जाहीर केलं. हॉल भरून वाहत होता. निवृत्तीचं वर्ष म्हणून जुनी मुलं लांबून आली होती. काळे पडदे लागले, वाचन सुरू झालं. या वेळी वर न कापलेल्या, चरबीच्या मेणबत्त्या होत्या. वाचनाच्या मध्येच धूर झाला, बाईंनी वाती कातरल्या; पुन्हा झाला, पुन्हा कातरल्या. अंक संपला. ज्योती आपल्या जळतच होत्या. मुलांनी सवयीने टाळ्यांसाठी हात वर केले ते तसेच राहिले.

मग बाईंनी सगळं सांगितलं. आपल्याला काय वाटलं, का वाटलं, ते किती आवडलं, मेणबत्त्या कशा कापून घेतल्या, आणि शंकाने काय शोधलं.

"मग अंक तेवढेच का असायचे, बाई?" पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये उभं राहून हे दोन शब्द त्यांनी यापूर्वी कधी उच्चारले नव्हते. टाळ्या झाल्या, पण जपून. बाहेर एक जुना विद्यार्थी, आता कुठल्याशा शाळेत मुलांची नाटकं बसवणारा, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी होती.

"बाई, हे तुम्ही करायला नको होतं," तो म्हणाला. "माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर दुपार होती. हिला दाखवायला आणलं होतं मी."

बाईंनी मान हलवली. सुंदर दुपार खरी होती, आणि तिच्यात सांगितलेलं खोटं होतं, हे दोन्ही त्यांना मान्य होतं, आणि ते एकमेकांत कसं बसवायचं ते त्यांनाही उमगलं नव्हतं. तो नमस्कार न करता गेला. ते त्यांना कितीतरी दिवस लागून राहिलं.

प्रकाशक पुस्तकाची नवी आवृत्ती काढणार होते. ती बाईंनी थांबवली. 'मेणबत्त्या तेवढ्या काढून बाकीचं ठेवू' असं प्रकाशक म्हणाले, तेव्हा बाईंना हसू फुटलं. बाकीचं म्हणजे मुखपृष्ठ. शंकाचं पुस्तक निघालं. ते फारसं कुणी वाचलं नाही. त्यात काय खरं नाही एवढंच सिद्ध केलेलं होतं, आणि तसल्या पुस्तकाला गिऱ्हाईक नसतं. पण ज्यांना त्या विषयाचं काम होतं त्यांनी ते वाचलं, आणि शंकाला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तिथेही तिला मुलांनी काहीतरी नाव ठेवलंय, ते ती बाईंना सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील आणि कुढतील अशी नवऱ्याला धास्ती होती. पहिले दोन महिने त्या बसल्याही. दुकानात जाऊन काउंटरपाशी उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकांना फ्रेम निवडून द्यायच्या. त्यांनी निवडलेल्या फ्रेम बहुतेक परत यायच्या. मग एका सकाळी त्या पुन्हा ग्रंथालयात गेल्या. दोन अंकांच्या मधल्या वेळात प्रेक्षक काय करत असत, असा एक साधासा प्रश्न त्यांना पडला होता. काजळी कातरली जात असताना ती माणसं बसून राहायची, की भांडायची, की घरी निघून जायची? त्यावर पुष्कळ काही सापडतं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

परदेशात असलेला मुलगा रविवारी फोन करतो.

"काय म्हणतंय संशोधन? लागलं काही हाती?"

"छे रे. उलट होतं तेही सुटतंय," असं म्हणून त्या सुरुवात करतात, आणि मुलगा फोन टेबलावर उभा करून, इस्त्रीचे कपडे समोर घेऊन बसतो. दोन-चार शर्ट होईपर्यंत त्याला कळून चुकतं, की आई आज काही थांबत नाही.